डोंगरी नदीच्या खोऱ्यात सोयींविना मुक्काम: जागा शोधण्यापासून निघेपर्यंतचा क्रम

नळ नाही, संडास नाही, ओटा नाही, वीज नाही. लागेल ते पाठीवरून न्यायचे आणि उरेल ते पाठीवरूनच परत आणायचे, असा हा मुक्काम. यातल्या अडचणी रात्री उघड होतात, पण त्यांचे मूळ बहुतेक वेळा पोहोचल्यानंतरच्या पहिल्या तासात असते. लोक येतात, सॅक टाकतात, पाण्याशेजारची मऊ सपाट जागा धरतात आणि आधी शेकोटी पेटवतात. अंधार पडला की तंबूची आठवण होते आणि झोपायच्या वेळी टॉर्च घेऊन पाणी भरायला जातात. हा क्रम उलटा आहे.

खोऱ्यातला क्रम असा: वर निसटायची वाट, मग जागा, मग छप्पर, मग पाणी, मग जळण, आणि विस्तव सगळ्यांत शेवटी.

## १. निघण्याआधी: नदीचा वरचा भाग पाहा

मुक्कामाच्या जागेचा हवामान अंदाज पाहून भागत नाही. तुमच्या डोक्यावर कोरडे आकाश असेल आणि वर पंधरा-वीस किलोमीटरवर ढग फुटला असेल, तरी ते पाणी तुमच्याकडेच येणार. म्हणून अंदाज पाहायचा तो नदीच्या उगमापर्यंतच्या सगळ्या पाणलोटाचा. नकाशावर चार गोष्टी शोधा:

- मुक्कामाच्या वर नदीला किती ओढे मिळतात. ओढे जितके जास्त आणि उतार जितका तीव्र, तितके पाणी लवकर चढते.
- वर धरण किंवा बंधारा आहे का. असेल तर पाणी कधी आणि कसे सोडतात, इशारा कसा देतात, हे आधीच विचारून ठेवा. पाऊस नसतानाही पाणी सोडले जाते.
- नदी बर्फाच्या पाण्याची आहे का. असेल तर पाणी रोज चढते-उतरते. ते पहाटे सर्वांत कमी आणि दुपार उलटल्यावर सर्वांत जास्त असते. हिमनदीपासून जितके लांब, तितका हा चढ उशिरा, कधीकधी रात्री पोहोचतो.
- परतीची वाट कोणत्या काठावर आहे. मुक्काम त्याच काठावर करायचा. पलीकडची जागा कितीही चांगली दिसली तरी सकाळी पाणी वाढले की तुम्ही अडकता, आणि अशा वेळी घाईने नदी ओलांडायला जाणे हे खोऱ्यातले सर्वांत जीवघेणे काम आहे.

मुक्कामाची परवानगी लागते का आणि विस्तवावर बंदी आहे का, हेही आधीच विचारा. कोरड्या हंगामात बंदी अनेकदा ऐनवेळी लागते.

घरी एका माणसाजवळ कागद ठेवा: कोणत्या दिवशी कुठे, कोणत्या काठाला, किती जण, आणि कोणत्या वेळेपर्यंत निरोप आला नाही तर शोध सुरू करायचा. दरीत फोनला रेंज मिळेल असे धरून चालू नका. उपग्रहावरून संदेश पाठवणाऱ्या यंत्रालाही मोकळे आकाश लागते आणि अरुंद दरीत ते थोडेच दिसते.

दोघांसाठी सामान, एका रात्रीचे. ३ × ३ मीटरची हलकी ताडपत्री किंवा तंबू. ४ मिलिमीटर जाडीची १५ मीटर दोरी आणि दोन-दोन मीटरचे सहा तुकडे. खुंट्या ८, वर २ जादा. प्रत्येकी एक मॅट आणि एक स्लीपिंग बॅग. पाण्याच्या घडी होणाऱ्या पिशव्या, एकूण ६ लिटरच्या. फिल्टर, आणि तो बंद पडला तर क्लोरीनच्या गोळ्या. दीड-दोन लिटरचे झाकणाचे भांडे. छोटा स्टोव्ह आणि गॅस. खुरपे. हेडटॉर्च दोन, जादा सेलसह. शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात. लायटर दोन, वेगवेगळ्या खिशांत. प्रथमोपचाराची पिशवी. कचऱ्यासाठी जाड प्लास्टिकच्या पिशव्या चार.

स्टोव्ह आवर्जून न्या. विस्तवावर सगळा स्वयंपाक करायच्या बेताने गेलेल्यांना पावसात उपाशी झोपावे लागते.

दर १००० मीटर चढल्यावर हवा साधारण ६.५ अंशांनी थंड होते. पायथ्याच्या रात्रीच्या तापमानातून तेवढे वजा करा आणि त्याहूनही ५ अंश खालची थंडी सोसेल अशी स्लीपिंग बॅग घ्या. कारण खोऱ्याच्या तळाशी थंडी साठते. त्याबद्दल पुढे येईल.

झोपायचे कपडे आणि मोजे वेगळ्या पिशवीत घट्ट बांधा. ते फक्त झोपताना घालायचे. दिवसा थंडी वाजली म्हणून काढले आणि भिजले, तर रात्रीसाठी काहीच उरत नाही. ही पिशवी सॅकच्या तळाशी आणि छप्पर सगळ्यांत वर, म्हणजे पावसात पोहोचलात तर आतले काही न उपसता आधी छप्पर उभे राहते.

## २. पोहोचण्याची वेळ

सूर्यास्ताच्या किमान तीन तास आधी पोहोचा. इथे चूक होते ती घड्याळामुळे. पंचांगातला सूर्यास्त क्षितिजाचा असतो, दरीतला सूर्य मात्र कड्यामागे एक-दोन तास आधीच जातो आणि लगेच थंडी उतरते.

हात पुढे सरळ धरा, पंजा आडवा करा आणि सूर्य व डोंगराची धार यांच्यामध्ये किती बोटे मावतात ते पाहा. एक बोट म्हणजे सुमारे १५ मिनिटे, चार बोटे म्हणजे तास. चारांपेक्षा कमी उरली असतील तर पुढचे वळण पाहायचा मोह सोडा आणि मिळेल ती सुरक्षित जागा धरा.

## ३. जागा: ही सपाटी केली कोणी?

इथे घाई करू नका. अर्धा तास गेला तरी चालेल, सॅक उतरवून हिंडून पाहा.

डोंगराळ दरीत सपाट जमीन आपोआप तयार होत नाही. ती कोणीतरी केलेली असते, आणि बहुतेक वेळा ती नदीनेच केलेली असते. म्हणून सपाट जागा दिसली की पहिला प्रश्न: ही कशाने सपाट झाली, आणि ते पुन्हा येणार का?

बारीक वाळू, गोल गोटे, लव्हाळे. हे नदीचे पात्रच आहे, आज कोरडे असले तरी. वळणाच्या आतल्या बाजूची पुळण दिसायला सर्वांत सुंदर असते आणि पाणी चढले की आधी तीच बुडते. पात्राच्या मधल्या बेटाचा तर विचारही नको. तिथे पाणी दोन्हीकडून वाढते आणि वाट बंद होते.

ओढ्याच्या तोंडाशी पंख्यासारखी पसरलेली जमीन. ही फसवी जागा आहे, कारण ती नदीपासून उंच असते आणि पुराची वाटत नाही. पण ती बाजूच्या घळीतून आलेल्या चिखल-दगडांच्या लोंढ्यांनी बनलेली असते. ओळखायचे कसे? नदी दगड घासून गोल करते आणि साधारण एका मापाचे एका ठिकाणी टाकते. लोंढा मात्र माती, खडे आणि मोठे धोंडे एकत्रच टाकतो आणि दगडांच्या कडा धारदार राहतात. तिथली झाडे सगळी एकाच वयाची, कोवळी असतील, किंवा बुंधे मातीत अर्धे गाडलेले असतील, तर तिथून निघा.

कड्याच्या पायथ्याची सपाटी. जमिनीवर ताज्या फुटीचे, शेवाळ न धरलेले दगड असतील, झाडांच्या बुंध्यांवर वरच्या बाजूने ठोकर बसल्याचे व्रण असतील, तर दगड अजून पडतात. पावसात आणि पहाटेच्या गोठण-वितळणीत ते जास्त पडतात.

नदीकाठची जुनी पायरी. हीच हवी. कधीकाळी नदी या पातळीवर वाहत होती, मग ती खोल कापत गेली आणि ही सपाटी वर राहिली. इथे मातीचा चांगला थर असतो, वेगवेगळ्या वयाची झाडे असतात, त्यांत काही जुनी जाड असतात आणि पुराचा कचरा नसतो.

आता पुराची खूण शोधा. काठावरच्या झुडपांच्या फांद्यांत अडकलेला काडीकचरा, गवताच्या गुंडाळ्या, बुंध्यांवरची गाळाची रेघ, पाण्याच्या दिशेने झोपलेली झुडपे. सर्वांत वरची खूण धरा, सर्वांत ठळक नव्हे. झोपायची जागा तिच्यापेक्षा निदान ३ मीटर उंच हवी.

हे तीन मीटर अंदाजाने ठरवू नका, मोजा. खुणेपाशी ताठ उभे राहा आणि नजर अगदी आडवी ठेवून उताराकडे पाहा. नजर जमिनीला टेकते तो बिंदू तुमच्या डोळ्यांच्या उंचीइतका, म्हणजे सुमारे दीड मीटर वर आहे. तिथे जा, पुन्हा तसेच करा. दोनदा केले की तीन मीटर झाले.

> सावधान: दोन्ही बाजूंना उभे कडे आणि मध्ये नदी, अशा अरुंद घळीत हे माप उपयोगाचे नाही. पाण्याला पसरायला जागा नसल्याने ते सरळ वर चढते. अशा भागात मुक्कामच करू नका.

उंचीचा आणखी एक फायदा. रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून घरंगळते आणि पाण्यासारखी तळाशी साचते. तळापेक्षा वीस-तीस मीटर वरची जागा काही अंशांनी उबदार असते, आणि सकाळी तंबू आतून भिजलेला मिळायची शक्यता कमी होते. पाण्यापासूनचे आडवे अंतर निदान ६० मीटर ठेवा. सामान्य चालीची ८० पावले. त्यामुळे पाणी स्वच्छ राहते आणि पाण्यावर येणाऱ्या जनावरांची वाटही अडत नाही.

शेवटी वर पाहा. वाळलेल्या फांद्या, कलते झाड, बुंध्याला भेग, काही दिसले तर त्या झाडाच्या उंचीएवढे दूर सरका. वारा नसतानाही वाळके लाकूड तुटते.

> तपासा: जागेवरून नदीकडे न जाता सरळ वर चढायची वाट आहे का? ती उजेडात एकदा चालून या. अंधारात डोक्यावर टॉर्च आणि हातात काहीच नाही अशा स्थितीत ती चढता येईल का? नसेल तर जागा बदला.

## ४. नदीला खूण लावा

जागा ठरली की तंबूआधी हे पाच मिनिटांचे काम करा. पाण्याच्या कडेला, बरोबर धार टेकते तिथे, एक काठी रोवा किंवा ओळखू येईल असा दगड ठेवा. त्याच्या वर हातभर अंतराने दुसरी खूण. अर्ध्या तासाने एकदा आणि झोपायच्या आधी एकदा पाहा. खूण नसेल तर पाणी वाढले की नाही यावर फक्त वाद होतात.

पाणी पुढील रीतीने बदलले तर खूण बुडायची वाट पाहू नका:

- निवळ पाणी अचानक गढूळ झाले.
- पाने, काटक्या, फेस वाहून येऊ लागला.
- आवाज जाड झाला, किंवा तळाशी दगड एकमेकांवर आपटल्यासारखा गडगडाट येऊ लागला.
- पाणी एकाएकी कमी झाले. याचा लोक सर्वांत चुकीचा अर्थ लावतात. पाऊस सुरू असताना पाणी झपकन ओसरले तर वर दरड कोसळून प्रवाह अडलेला असू शकतो. तो बांध फुटला की सगळे एकदम येते.

यांपैकी काहीही दिसले तर सामान सोडा आणि वर चढा. नदीच्या दिशेने खाली धावू नका. लोंढा तुमच्यापेक्षा वेगवान असतो. सुटका फक्त बाजूने, उंचावर आहे.

## ५. छप्पर

खोऱ्यातला वारा दिवसा दरीतून वर आणि रात्री वरून खाली वाहतो. संध्याकाळी मध्ये थोडा वेळ तो पडतो, आणि त्या शांततेत तंबू कसाही लावला जातो. रात्रीचा वारा धरून लावा: ताडपत्रीचे आढे (मधली उंच कड) दरीला समांतर, वरच्या दिशेचे टोक जमिनीला टेकलेले आणि तोंड खालच्या दिशेला. पावसाळी वारा कोणत्याही बाजूने येऊ शकतो, म्हणून तोंडाशी झडप म्हणून थोडी ताडपत्री मोकळी ठेवा.

क्रम:

१. जमिनीवर दोन मिनिटे आडवे व्हा. बोचणारे खडे आणि काटक्या बाजूला करा, पण मुळे किंवा जिवंत गवत उपटू नका. डोके चढाकडे येईल असा किंचित उतार चांगला. खोलगट बशीसारखी जागा नको. तंबूभोवती चर खणायची सवय सोडा. चर खणावा लागतो म्हणजे जागा चुकली आहे.

२. साडेतीन-चार मीटर अंतरावरच्या दोन झाडांमध्ये आढ्याची दोरी ताणा, तोंडाकडे छातीइतकी उंच. एका टोकाला बोलाइन (न सरकणाऱ्या फासाची गाठ), दुसऱ्या टोकाला ताण कमीजास्त करता येईल अशी सरकगाठ. दोरी आणि झाडाची साल यांच्यामध्ये रुमाल किंवा पट्टा घाला म्हणजे दोरी साल कापत नाही.

३. ताडपत्री टाका, आधी चार कोपरे, मग मधल्या कड्या.

४. आढ्याच्या दोरीला ताडपत्रीच्या बाहेर बोटभर अंतरावर एक लोंबता धागा बांधा. दोरीवरून ओघळत येणारे पाणी तिथेच टपकते. हे न केल्यास पाऊस थेट दोरीवरून आत चालत येतो.

५. आत अंथरायचे प्लास्टिक छपरापेक्षा सर्व बाजूंनी चार बोटे लहान हवे. बाहेर डोकावले तर पागोळीचे पाणी झेलून तुमच्याच पाठीखाली नेते.

दगडगोट्यांच्या जमिनीत खुंटी धरत नाही. ठोकत बसू नका. दोरीचे टोक एका लांबट दगडाला गुंडाळा आणि त्याच्या पुढ्यात मोठा धोंडा ठेवा. दोरी ओढली की लहान दगड मोठ्याला अडतो. वाळू-मातीत काठी आडवी वीतभर खोल पुरून तिला दोरी बांधली तरी पक्की राहते.

नायलॉन भिजले की सैल पडते. दिवस मावळताना आणि पाऊस सुरू झाल्यावर एकदा दोऱ्या पुन्हा ताणा. तंबू असेल तर थंडी वाजली तरी दोन्ही बाजूंची खिडकी थोडी उघडी ठेवा. दोन माणसांच्या श्वासातली वाफ आत अडकली तर ती पहाटे अंगावर टपकते.

## ६. पाणी

दर माणशी पिण्या-रांधण्यासाठी दिवसाला ४ ते ५ लिटर धरा आणि सगळे उजेडात भरून आणा. निसरड्या गोट्यांवर अंधारात वाकणे टाळायचे आहे.

मुक्कामाच्या वरच्या बाजूने, वाहत्या धारेतून भरा. गढूळ असेल तर पिशवीत अर्धा तास निवळू द्या, वरचे पाणी कापडातून गाळा, मग फिल्टर. गाळ थेट फिल्टरमध्ये गेला तर तो तुंबतो.

- उकळणे सर्वांत खात्रीचे. खळखळ उकळी फुटल्यावर १ मिनिट, २००० मीटरपेक्षा उंचीवर ३ मिनिटे. दहा-दहा मिनिटे उकळून गॅस संपवू नका.
- पोकळ धाग्यांचा फिल्टर जिवाणू आणि परजीवी अडवतो, विषाणू नाही. माणसांची वस्ती वर असेल तर गाळून नंतर उकळा किंवा गोळी टाका. असा फिल्टर एकदा वापरल्यावर गोठला तर आतून फाटतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. थंडीत तो स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा.
- क्लोरीनची गोळी निवळ पाण्यात किमान ३० मिनिटे, गार पाण्यात त्याहून जास्त. पाकिटावरची वेळ पाळा. क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या काही परजीवींवर ती चालत नाही.

खाणीचे किंवा शेतातल्या औषधांचे पाणी यांपैकी कशानेही पिण्याजोगे होत नाही. वर तसे काही असेल तर दुसरा ओढा शोधा.

## ७. शौच आणि धुणे

पाणी, वाट आणि मुक्काम या तिन्हींपासून ८० पावले लांब. खुरप्याने १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा, काळ्या जिवंत मातीत. तिथेच कुजणे लवकर होते. नंतर तीच माती परत. कागद आणि सॅनिटरी पॅड पुरायचे नाहीत, पिशवीत घालून परत न्यायचे. पुरलेले जनावरे उकरतात.

दरी इतकी अरुंद असेल की ८० पावलांवर जागाच नाही, किंवा जमीन नुसता खडक असेल, तर मैलाही दुहेरी पिशवीत बंद करून परत न्यावा लागतो. जड जाते, पण पावसात ते नदीत जाणारच असते, आणि खाली कोणीतरी पाणी पीत असते.

भांडी आणि अंग ओढ्यात धुऊ नका. पाणी भरून लांब न्या आणि मातीवर सांडा. "निसर्गात विरघळतो" असे लिहिलेला साबणही मातीतच विघटित होतो, पाण्यात नाही.

## ८. विस्तव

बंदी असेल, वारा जोराचा असेल, किंवा गवत वाळलेले असेल तर विस्तव नाही. स्टोव्ह आहे.

विस्तवाची जागा झोपायच्या जागेहून वेगळी. नदी कमी असताना आणि पावसाची चिन्हे नसताना उघड्या गोट्यांचा पट्टा योग्य: तिथे मुळे नाहीत, पालापाचोळा नाही. म्हणजे विस्तव खाली, झोप वर. झाडाखालच्या पाल्याच्या जमिनीवर पेटवला तर आग मुळांतून धुमसत राहते आणि दुसऱ्या दिवशी भलतीकडे निघते.

> सावधान: चुलीला नदीतले दगड लावू नका. ओल्या, सच्छिद्र दगडात पाणी अडकलेले असते, त्याची वाफ होते आणि दगड फुटून कपच्या तोंडावर उडतात. दगड बाहेरून कोरडा दिसला तरी आत ओल असते. गोट्यांच्या पट्ट्यावर पेटवताना आधी वाळूचा वा मातीचा ८ ते १० सेंटिमीटर थर द्या आणि भांडे ठेवायला दगड पाण्यापासून लांबचे, कोरड्या उतारावरचे घ्या.

जळण फक्त पडलेले आणि वाळलेले, मनगटापेक्षा जाड नको. पुराने वर आणून टाकलेले लाकूड चांगले, पण मोडून पाहा: कट् आवाज झाला तर कोरडे, वाकले तर ओले. सगळे जळण आधी गोळा करून चार ढिगांत लावा, मगच काडी ओढा: मूठभर भुसभुशीत पेटवण, दोन मुठी काडेपेटीच्या काडीइतक्या काटक्या, एक कवळ बोटाइतक्या, मग जाड. पेटवण पेटल्यावर काटक्या शोधायला धावणे हेच बहुतेक विस्तव विझण्याचे कारण आहे. पाऊस पडून गेला असेल तर जाड लाकूड चिरा. आतला गाभा बहुधा कोरडा मिळतो.

विस्तवाचा घेर दोन वितींपुरताच. निजायच्या पाऊण तास आधी नवे लाकूड टाकणे थांबवा, सगळे जळून राख होऊ द्या. मग पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा पाणी ओता. चर्र आवाज थांबल्यावर हाताची मागची बाजू आधी राखेवर धरा, मग टेकवा. ऊब लागली तर विझलेले नाही. नुसती माती टाकून झाकू नका. खाली निखारा तासन्‌तास जिवंत राहतो.

## ९. अन्न

स्वयंपाकाची आणि अन्न ठेवण्याची जागा झोपायच्या जागेपासून ६० मीटर, दरीच्या खालच्या बाजूला. रात्रीचा वारा खाली वाहतो, त्यामुळे वास तुमच्याकडे येत नाही आणि वास धरून आलेले जनावरही तुमच्याकडे येत नाही.

अन्न, कचरा, टूथपेस्ट, साबण, सगळे एका पिशवीत. ती जमिनीपासून ४ मीटर उंच आणि बुंध्यापासून २ मीटर लांब टांगा. दोरी उजेडातच फांदीवर टाकून ठेवा. तशी फांदी नसेल तर घट्ट झाकणाचा कडक डबा जमिनीवर, उतारावरून नदीत घरंगळणार नाही असा अडकवून.

## १०. रात्र

झोपताना हाताशी: हेडटॉर्च, शिट्टी, बूट, पावसाचा कोट. बाकी सामान सॅकमध्ये बांधलेले. पसरलेल्या सामानामुळे माणसे निसटायला उशीर करतात.

अंग गार पडण्याआधी स्लीपिंग बॅगमध्ये जा. बॅग ऊब तयार करत नाही, असलेली धरून ठेवते. झोपण्यापूर्वी काहीतरी खा. घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरून मोज्यात घाला आणि मांड्यांमध्ये ठेवा. तंबूत स्टोव्ह पेटवू नका, निखाऱ्यांचे भांडे आत आणू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस जागा होत नाही.

वर कुठे विजा चमकत असतील, पाऊस लागला असेल तर रात्री ११ आणि ३ चा गजर लावा आणि खूण पाहा. ती बुडालेली असेल तर तपास तिथेच संपतो. सगळ्यांना उठवा आणि वर जा. वीज दिसल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा: दर ३ सेकंदांना सुमारे १ किलोमीटर. ३० सेकंदांपेक्षा कमी आले तर उंच एकट्या झाडापासून आणि पाण्यापासून दूर राहा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे जाऊ द्या.

कोणी भिजला आणि थरथरू लागला, बोलणे अडखळू लागले, बटणे लावता येईनाशी झाली, तर ओले कपडे काढा, कोरडे घाला, मॅटवर झोपवून बॅगेत गुंडाळा, शुद्धीत असेल तर गरम गोड पेय द्या. हातपाय चोळू नका. थंडी तशीच असताना थरथर थांबली तर ते सुधारणेचे लक्षण नाही. मदतीला बोलवा: मिनिटात ६ शिट्ट्या, एक मिनिट थांबा, पुन्हा ६.

## ११. नदी ओलांडावीच लागली तर

पाणी वेगवान असेल तर गुडघ्याच्या वर जाऊ नका. वेग दुप्पट झाला की पायावरचा जोर चौपट होतो, म्हणून खोलीपेक्षा वेग जास्त फसवतो. पाण्यात काटकी टाका आणि काठाने तिच्या बरोबर चाला. ती चालण्यापेक्षा जोरात गेली तर थांबा. बर्फाच्या नदीला पहाटेपर्यंत, पावसाच्या नदीला पाणी उतरेपर्यंत.

जागा रुंद, उथळ, फाटे फुटलेली. खाली धबधबा, भोवरा किंवा आडवे पडलेले झाड नको. झाडाच्या फांद्यांत पाणी जाते, माणूस अडकतो. बूट पायात, सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडलेला. तोंड प्रवाहाकडे, काठी समोर रोवलेली, एका वेळी एकच पाय सरकवायचा. कमरेला दोरी बांधू नका; पडलात तर दोरी ताणते आणि प्रवाह तुम्हाला बुडवून धरतो. वाहून गेलात तर सॅक सोडा, उताणे व्हा, पाय पुढे आणि बोटे पाण्यावर, आणि तिरके काठाकडे पोहा. समोर आडवे झाड दिसले तर मात्र पालथे होऊन जोर लावून बाजूला निघा, आणि टाळणे अशक्यच असेल तर त्याच्यावर चढा.

## १२. निघताना

पाऊस असेल तर छप्पर सगळ्यांत शेवटी काढा, सॅक त्याच्या आतच भरा. ओली ताडपत्री बाहेरच्या खिशात, कोरड्या कपड्यांना न लागेल अशी.

मग हे करा: राखेवर पुन्हा हात टेकवून पाहा. गार राख पातळ विखरून टाका, चुलीचे दगड होते तिथे उपडे परत ठेवा. झाडांवरची प्रत्येक दोरी, लोंबता धागासुद्धा, काढा. पाण्याकाठची खूण उपटा. दबलेले गवत हाताने उभे करा, पाला परत पसरा. खुंट्या मोजा: दहा नेल्या असतील तर दहा हव्यात. झोपायच्या जागेवरून, नंतर स्वयंपाकाच्या जागेवरून, सगळ्यांनी हातभर अंतराने ओळीत एकदा चालत जा आणि बारीक कचरा वेचा. पाकिटाचे फाडलेले कोपरे आणि काडेपेटीच्या काड्या हटकून याच फेरीत सापडतात.